नागपुरातून स्वतःच्या नावाचा मसाला ऑनलाइन विकायचा असेल तर

प्रायव्हेट लेबल म्हणजे माल दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होतो आणि पाकिटावर नाव आपलं असतं. यंत्रं घ्यावी लागत नाहीत, म्हणून हा धंदा सोपा वाटतो. पण पाकिटावर नाव आपलं म्हटलं की त्यातला प्रत्येक दोष आपल्या नावावर येतो. खवट मसाला, फाटलेलं पाकीट, चुकलेलं वजन, लेबलवरची चुकीची ओळ, सगळंच. म्हणून इथे सारं काम पहिली ऑर्डर येण्याआधीचं आहे. पुढची पद्धत सावजी मसाल्याचं उदाहरण घेऊन मांडली आहे, कारण नागपूरकराला हा मसाला पारखता येतो आणि बाहेरगावी गेलेला नागपूरकर तो शोधत असतो. हळद, तिखट, चिवडा असं दुसरं काही विकायचं असलं तरी हिशोबाची रीत हीच राहते.

वस्तू कशी निवडावी

पहिली वस्तू लहान, न फुटणारी, मापं नसलेली आणि पुन्हा पुन्हा लागणारी असावी. कपड्यात मापाच्या तक्रारीने परताव्याचं प्रमाण वाढतं, काचेत फूटतूट होते. संत्रा बर्फी नागपूरची खरी ओळख आहे, पण तिचा टिकाऊपणा कमी आहे आणि मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत ती टिकत नाही. कोरडा मसाला या सगळ्यातून सुटतो.

मसाल्यातही निवड करावी लागते. घरच्या सावजी वाटणात सुकं खोबरं, खसखस, तीळ येतात. या तिन्हींत तेल असतं. दळल्यावर ते तेल हवेला उघडं पडतं आणि उष्णतेत लवकर खवट होतं. पाकिटात फक्त कोरडे मसाले ठेवावेत: धने, मिरची, दगडफूल, जायपत्री, मोठी वेलची, शहाजिरे, बाद्यान, तेजपान, लवंग, मिरे. खोबरं आणि खसखस वाटणात ताजी घालायला सांगणारी पाककृती पाकिटाच्या मागे छापावी. चव घरच्यासारखी येते आणि मसाला जास्त टिकतो. खोबऱ्यासकट तयार मसाला दुकानातून हातोहात विकायला ठीक आहे. गोदामात, मग गाडीत, मग ग्राहकाच्या डब्यात राहणाऱ्या मालाला ते चालत नाही.

टिकाऊपणाला कायद्याचीही एक बाजू आहे. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या एकूण आयुष्याचा ३० टक्के भाग किंवा निदान ४५ दिवस शिल्लक असायला हवेत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, दंडक आहे. ४५ दिवस धरले तर चार महिने टिकणाऱ्या मसाल्याला विक्रीसाठी प्रत्यक्षात अडीच महिनेच मिळतात. त्यातले दोन-तीन आठवडे दळण, तपासणी आणि पॅकिंगमध्येच जातात.

एका ऑर्डरचा हिशोब

हा हिशोब कागदावर जमल्याशिवाय कारखान्याला आगाऊ रक्कम देऊ नये. पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत. कमिशन, ठरावीक फी आणि वाहतुकीचे दर मार्केटप्लेस (ॲमेझॉनसारखी, अनेक विक्रेत्यांचा माल विकणारी संकेतस्थळं) वरचेवर बदलतात, म्हणून आपल्या वस्तूचे दर विक्रेत्यांच्या फी कॅल्क्युलेटरमधून त्या दिवशीचे घ्यावेत.

२०० ग्रॅमची दोन पाकिटं, एकच संच, विक्री किंमत ४४९ रुपये. मसाल्यावरचा ५ टक्के जीएसटी याच किमतीत असतो, तो २१.३८ रुपये. उरले ४२७.६२.

मालाचा खर्च: मसाला ३६० रुपये किलोने ४०० ग्रॅमचे १४४, दोन पाऊच १०, दोन लेबलं ४, खोका आणि टेप १२. एकूण १७०.

मार्केटप्लेसचा खर्च: कमिशन ८ टक्के धरलं तर ३५.९२, ठरावीक फी २०, वाहतूक ७०. एकूण साधारण १२६.

इथवर सगळे येतात. यापुढची एक गोष्ट बहुतेकांच्या हिशोबातून सुटते. मार्केटप्लेसच्या सगळ्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. १२६ रुपयांवर तो २२.६७ झाला. माल, पाऊच, लेबल, खोका यांवरचा जीएसटी आणखी १०.३२. म्हणजे आपण भरलेला कर ३२.९९ आणि विक्रीवर देणं असलेला कर २१.३८. वरचे ११.६१ रुपये क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वळते करता येणारे पैसे म्हणून, खात्यात साचत जातात. सेवांवर भरलेल्या जादा कराचा परतावा मिळत नाही, आणि १८ टक्क्यांची दुसरी एखादी वस्तू विकत नसाल तर हे क्रेडिट वापरायला जागाही नाही. म्हणून ५ टक्क्यांच्या वस्तूत हे पैसे ‘नंतर मिळतील’ असं धरू नये, खर्चातच धरावेत.

४२७.६२ मधून १७०, १२६ आणि ११.६१ वजा केले की हाती १२० रुपये येतात.

यातून जाहिरात. एका क्लिकला ५ रुपये आणि अकरा क्लिकांमागे एक ऑर्डर धरली तर ५५ रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ६५. मग परत येणाऱ्या ऑर्डरी. शंभरातल्या आठ परत आल्या, तर त्या आठांवर १२० रुपये मिळत नाहीतच, वर प्रत्येकी साधारण २५० रुपये जातात, कारण परत आलेलं खाण्याचं पाकीट पुन्हा विकायचं नसतं. शंभर ऑर्डरींचा ताळा असा: ९२ गुणिले १२० म्हणजे ११,०४०. त्यातून परताव्याचे २,००० आणि जाहिरातीचे ६,५०० गेले. उरले २,५४०. संचामागे २५ रुपये. प्रयोगशाळा, परवान्याची फी, सीएची फी, जागेचं भाडं यातूनच द्यायचं आहे.

आता हाच मसाला २०० ग्रॅमच्या एकट्या पाकिटात २२५ रुपयांना विकून पाहा. वाहतूक ७० आणि फी २० तशीच राहते, कारण ५०० ग्रॅमपर्यंतचा टप्पा एकच असतो. माल ८९, मार्केटप्लेस १०८, अडकलेला कर १४. जाहिरात आणि परतावे धरण्याआधीच हाती तीन रुपये राहतात. एकट्या छोट्या पाकिटाची विक्री भरपूर होऊनही माणूस तोट्यात जातो तो यामुळे.

हिशोब सुधारायचा तर आधी मसाल्याच्या दराला हात लावायचा मोह होतो. किलोमागे ४० रुपयांनी हलका माल घेतला तर संचामागे १६ रुपये वाचतात. पण फोटो नीट करून, चुकीचे शोधशब्द काढून, ऑर्डर अकराऐवजी आठ क्लिकांत आणली तर करासकट पावणेअठरा रुपये वाचतात, आणि मसाला तोच राहतो. परतावे आठाचे चार झाले तर शंभर ऑर्डरींमागे जवळपास दीड हजार वाचतात. जो ग्राहक चव आवडून जाहिरातीशिवाय परत येतो, त्याच्या ऑर्डरीत ६५ रुपये सरळ आपले. मसाला हलका केला की पहिला तोच ग्राहक जातो.

माल कुठून, कोणाकडून

कच्च्या मालाचा भाव आपल्याला माहीत असलाच पाहिजे, मग दळून देणारा कोणीही असो. मिरचीचा भाव कळमना बाजारात आणि खड्या मसाल्यांचा मस्कासाथ-इतवारीच्या ठोक दुकानांत विचारून घ्यावा, आठवड्यातून एकदा वहीत लिहावा. नवीन मिरची हिवाळ्याच्या अखेरीपासून बाजारात येते, वर्षाची खरेदी उन्हाळ्याच्या तोंडावर होते. भाव माहीत असला की कारखानदाराने सांगितलेला दर परवडणारा आहे की त्यात भुसा धरला आहे, हे समजतं. बाजारभावाच्या बेरजेपेक्षा कमी दराने कोणी तयार मसाला देत असेल तर घेऊ नये.

दळून, मिसळून, पॅक करून देणारे कारखाने हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या एमआयडीसींत शोधावेत. फोनवर ठरवू नका, जाऊन बघा. कारखान्याचा एफएसएसएआय परवाना मागा आणि त्यावर मसाल्याचा प्रकार लिहिलेला आहे का ते वाचा. दळणाआधी लोहचुंबक आणि चाळणी आहे का, मिरची दळल्यावर यंत्र पुसून मगच दुसरा मसाला घेतात का, पोती जमिनीवर की फळ्यांवर, हे डोळ्यांनी पाहावं. दळताना मसाला किती गरम होतो हे हात लावून बघा. फार तापलेल्या मसाल्याचा वास गिरणीतच उडून जातो. दळल्यावर थंड न करता गरमच पाकिटात भरला तर आतून वाफ धरते आणि गुठळ्या होतात.

करार स्टॅम्प पेपरवर करा. त्यात या गोष्टी असाव्यातच: घटक आणि त्यांचं प्रमाण, दळणाची जाडी, ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, बॅच क्रमांकाची पद्धत, दळणातली घट किती टक्के धरायची, तपासणीत नापास झालेली बॅच कोणाच्या खर्चाने परत, आपली छापील लेबलं आणि उरलेले पाऊच परत देणे, आणि हाच मसाला त्याच प्रमाणात दुसऱ्याला न देणे.

पहिला लॉट शंभर संचांचाच घ्यावा, म्हणजे ४० किलो. नमुने आणि घट धरून ४३ किलोची ऑर्डर द्या. कारखाना मोठ्या लॉटला कमी दर सांगेल, तरी पहिल्या वेळी जास्त घेऊ नये. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं न उघडता, तारीख लिहून, मुदत संपेपर्यंत आपल्याकडे ठेवा. तक्रार आली की तेच पाकीट फोडून खरंखोटं करता येतं.

प्रत्येक नव्या बॅचचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. नागपुरात अशा खासगी प्रयोगशाळा आहेत. ओलावा, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख, बाहेरून घातलेला रंग आणि सूक्ष्मजीव एवढं तपासून घ्यावं. आम्लात न विरघळणारी राख जास्त आली तर मसाल्यात माती-वाळू आहे. नियमाप्रमाणे मिरची पूडमध्ये ओलावा ११ टक्क्यांपेक्षा आणि हळद पावडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि मिश्र मसाल्यात मसाल्यांचं प्रमाण वजनाने किमान ८५ टक्के लागतं. मसाल्यात वेगळा रंग घालायला परवानगीच नाही. कारखाना स्वतःचा अहवाल दाखवेल, पण नमुना आपण भरलेल्या पाकिटातून, आपल्या हाताने द्यावा.

नाव आणि कागदपत्रं

नाव ठरवताना ‘सावजी’, ‘नागपुरी’, ‘वऱ्हाडी’ यांवर विसंबू नका. हे वर्णनाचे शब्द आहेत, त्यांच्यावर एकट्याची मालकी मिळणं कठीण. सोबत स्वतःचा वेगळा शब्द हवा. तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा. त्याआधी आयपी इंडियाच्या (ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर ३० व्या वर्गात शोध घ्या, मसाले त्याच वर्गात येतात. उच्चाराने जवळ जाणारं नाव आधीच असेल तर सोडून द्या. अर्जाची फी व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. लघुउद्योगाच्या सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र लागतं, ते ऑनलाइन मोफत निघतं. अर्ज केल्यापासून नावापुढे टीएम (ट्रेडमार्क) लिहिता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी छापला तर तो गुन्हा आहे. ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीला (नाव आपलं असल्याची तिथली नोंद) अर्जाच्या टप्प्यावरही सुरुवात करता येते, त्यामुळे अर्ज मालाच्या आधी करा.

भौगोलिक मानांकनाची नावंही जपून वापरावीत. भिवापूरची मिरची, वायगावची हळद, नागपूरची संत्री यांना मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसताना ‘भिवापुरी’ छापणं म्हणजे अडचण ओढवून घेणं. तिथल्या शेतकऱ्यांच्या गटाकडून माल घेत असाल तर त्यांच्यामार्फत रीतसर नोंद करून मगच नाव छापा.

जीएसटीची नेहमीची नोंदणी घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवायही मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात. नागपूरहून छिंदवाडा, रायपूर, हैदराबाद जवळ आहेत. तिथली ऑर्डर सोडून देण्यात अर्थ नाही. घराच्या पत्त्यावर नोंदणी होते. पॅन, आधार, वीजबिल, भाड्याची जागा असल्यास करारनामा, घर दुसऱ्याच्या नावावर असल्यास संमतीपत्र आणि चालू खात्याचा रद्द केलेला धनादेश लागतो. मिश्र मसाल्याचा एचएसएन (जीएसटीतला वस्तूचा संकेतांक) ०९१०९१.

एफएसएसएआयचा कागद आपल्याही नावाने लागतो, फक्त कारखान्याचा पुरत नाही. अर्ज फॉस्कॉस पोर्टलवर करायचा. नोंदणी पुरेल की राज्य परवाना लागेल हे उलाढाल आणि कामाच्या प्रकारावर ठरतं. तिथे ‘विक्रेता’, ‘पुन्हा पॅक करणारा’, ‘पुन्हा लेबल लावणारा’ हे वेगवेगळे प्रकार आहेत. पाकीट आपल्या जागेत भरत असाल आणि परवाना फक्त साठवण-विक्रीचा असेल, तर लिस्टिंग (मार्केटप्लेसवरचं आपल्या वस्तूचं पान) चालू होऊनही पुढच्या तपासणीत अडकायला होतं. जीएसटी, एफएसएसएआय, लेबल आणि मार्केटप्लेसचं खातं या चारही ठिकाणी पत्ता अक्षरशः सारखा असावा. ‘फ्लॅट नं.’ एकीकडे आणि ‘घर क्र.’ दुसरीकडे, एवढ्यावरूनही पडताळणी परत येते.

लेबल

लिस्टिंग बंद पडण्याची आणि दंडाची बरीच कारणं लेबलवरच सापडतात, म्हणून छापायला देण्याआधी दोन माणसांनी मोठ्याने वाचावं.

एफएसएसएआयनुसार: पदार्थाचं नाव, घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचं चिन्ह आणि आपला १४ अंकी क्रमांक, तयार करणाऱ्या कारखान्याचं नाव-पत्ता आणि त्याचाही परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, साठवणीची सूचना. वजनमाप नियमानुसार: निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, एका ग्रॅमची किंमत, तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल. पॅक करणाऱ्याची वजनमाप विभागाकडे नोंदणीही लागते. दोन पाकिटं एकत्र विकता तेव्हा बाहेरच्या खोक्यावर वेगळं लेबल हवं: नग किती, एकाचं वजन किती, एकूण वजन आणि संचाची एमआरपी.

भाषेची बाब लक्षात ठेवा. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं सक्तीचं आहे. मराठी त्यासोबत लिहिता येते, आणि जरूर लिहावी, पण फक्त मराठी लेबल चालत नाही.

शब्दांचंही तसंच. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘नैसर्गिक’, ‘ताजा’ या अर्थाच्या शब्दांवर २०१८ च्या दावे आणि जाहिरात नियमांत बंधनं आहेत, आणि कारखान्यात केलेल्या मालाला ‘घरगुती’ म्हणता येत नाही. मार्केटप्लेसवरच्या वर्णनालाही हेच लागू होतं. ‘दगडफूल आणि जायपत्री घातलेला, खोबरं नसलेला कोरडा मसाला’ हे वाक्य नियमात बसतं आणि ग्राहकाला ‘अस्सल’पेक्षा जास्त सांगतं.

सुरुवातीला छापील पाऊच करू नका. छपाईच्या सिलिंडरचा खर्च मोठा असतो आणि किमान ऑर्डरही. एका ओळीची चूक निघाली तर सगळा माल रद्दी. पहिले दोन लॉट साध्या पाऊचवर स्टिकर लावून जाऊ द्यावेत. स्टिकर पॉलिएस्टरचा घ्या. कागदी स्टिकरवर मसाल्याचं बोट लागलं की डाग पडतो.

पाकीट, खोका आणि नागपूरचा उन्हाळा

पाऊच तीन थरांचा, आतून ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला, साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असावा. पारदर्शक पाकिटात मसाला दिसतो छान, पण उजेडाने मिरचीचा रंग उतरतो. सील किमान १० मिलिमीटर रुंद हवं. सीलच्या जागेवर मसाल्याची पूड राहिली की वरून बंद दिसतं, आतून फट राहते. म्हणून भरल्यावर तोंड कोरड्या फडक्याने पुसूनच सील करा. प्रत्येक पन्नास पाकिटांतलं एक पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडा आला तर आधीची सगळी तपासा.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये आणि बंद गाडीत त्याहून जास्त. त्या उष्णतेत स्टिकरचा गोंद सुटतो, टेप निघते, पाकिटातली हवा फुगून कमजोर सील उघडतं. पाऊच भरताना जादा हवा दाबून काढा, माल पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा, खोली निवडताना खालचा मजला बघा. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पोती-खोके जमिनीवरून उचलून फळ्यांवर घ्या. पुठ्ठ्याचा खोका ओल धरतो आणि वजनही वाढवतो.

वजनाला फार महत्त्व आहे. ४०० ग्रॅम मसाला, दोन पाऊच १४, खोका ४५, टेप आणि बिल ८, एकूण ४६७ ग्रॅम. पाचशेच्या आत ३३ ग्रॅमची मोकळीक राहते, तेवढी ठेवावीच. कुरिअर आकारमानाचं वजनही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागा. १८ गुणिले १२ गुणिले ६ चा खोका २५९ ग्रॅमचा धरला जातो, तो चालतो. हातात आला म्हणून २५ गुणिले १८ गुणिले १० चा खोका वापरला तर तेच वजन ९०० ग्रॅम होतं आणि वाहतूक पुढच्या टप्प्यात जाते. खोका काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा फोटो लिस्टिंग करतानाच काढून ठेवा. वजनाचा वाद निघाला की तोच पुरावा. भरलेला खोका छातीच्या उंचीवरून दहा वेळा वेगवेगळ्या बाजूंवर टाकून बघा.

लिस्टिंग आणि जाहिरात

मुख्य फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, पाकीट चौकटीचा बहुतेक भाग व्यापेल असा, मोठा केल्यावर लेबल वाचता येईल एवढा. बाकीच्या फोटोंत मागचं लेबल, मसाल्याचा रंग, किती मटणाला किती चमचे, आणि रश्श्याचा एक खरा फोटो. तिखटपणा स्पष्ट लिहा. सावजी न खाल्लेला माणूस ‘फार तिखट’ म्हणून एक तारा देतो, ती तक्रार वर्णनातल्या एका ओळीने टळते.

‘सावजी’ हा शब्द लोक रोमन लिपीत मधे व्ही घालूनही लिहितात आणि ओ घालूनही. दोन्ही रूपं शोधशब्दांत घाला, एक शीर्षकात, दुसरं ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्यात. ‘मटण मसाला’, ‘चिकन रस्सा मसाला’, ‘काळा मसाला’ हेही घाला.

माल पोहोचून लिस्टिंग पूर्ण झाल्यावरच जाहिरात सुरू करा. पहिले दोन आठवडे दिवसाला २०० रुपयांची आपोआप चालणारी मोहीम ठेवून लोक कोणत्या शब्दांनी आले याचा अहवाल काढा. ज्या शब्दांनी ऑर्डर आली ते हाताने चालवायच्या मोहिमेत न्या, आणि ‘पावभाजी’, ‘सांबार’, ‘चाट’ असे फुकट क्लिक खाणारे शब्द वगळण्याच्या यादीत टाका. हे दर आठवड्याला करायचं काम आहे. नातेवाइकांकडून पाच तारे लिहून घेऊ नका आणि पाकिटात ‘चांगला अभिप्राय द्या, सवलत मिळवा’ अशी चिठ्ठी घालू नका. पकडलं गेलं तर नुसता अभिप्राय जात नाही, खातं बंद होतं.

पाठवणी

माल मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवला की पोहोच जलद होते. पण ते गोदाम जीएसटीमध्ये जादा व्यवसायस्थळ म्हणून दाखवावं लागतं, आणि खाद्यपदार्थाला त्या पत्त्याचा एफएसएसएआय परवानाही लागतो. भिवंडीचं गोदाम महाराष्ट्रात असल्याने तोच जीएसटी क्रमांक चालतो. हैदराबादला ठेवायचं तर तेलंगणाची वेगळी नोंदणी. म्हणून पहिले सहा महिने घरून उचल होईल अशीच सोय घ्यावी.

प्रत्येक ऑर्डर पॅक करताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करा: पाकिटं, बॅच क्रमांक, खोका बंद करणं, वरचा पाठवणी क्रमांक. ‘खोका रिकामा होता’ अशी तक्रार आल्यावर दाव्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. परत आलेला खोकाही चित्रीकरण चालू ठेवूनच उघडा. माल हाती आल्यावर पैसे द्यायच्या (कॅश ऑन डिलिव्हरी) ऑर्डरी परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. ठरावीक भागांतून सतत परत येत असतील आणि मार्केटप्लेस मुभा देत असेल, तर तिथली पाठवणी थांबवा.

दर महिन्याचा कर

विक्री म्हणून बँकेत जमा झालेली रक्कम दाखवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दाखवायची ती ग्राहकाने दिलेली किंमत, फी कापण्याआधीची, राज्यवार. मार्केटप्लेस आपल्या पैशांतून जीएसटीचा ०.५ टक्के टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर) कापतं. तो जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला स्वीकारला तरच आपल्या रोख खात्यात येतो. प्राप्तिकराचा ०.१ टक्के टीडीएस वेगळा. वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापला जात नाही. परताव्यांच्या क्रेडिट नोटा त्याच महिन्यात घ्या. फेकून दिलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट मात्र उलटवावं, म्हणजे परत करावं लागतं, त्याची यादी बॅचनुसार ठेवा.

दुसरा लॉट कधी

पैसे माल पोहोचल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी येतात, नव्या खात्यात काही रक्कम राखूनही ठेवतात. म्हणून दुसऱ्या लॉटचे पैसे पहिल्याच्या विक्रीतून येतील असं धरू नका, ते आधीच बाजूला ठेवा. दळण, प्रयोगशाळा आणि पॅकिंगला तीन आठवडे धरले तर पाच आठवडे पुरेल एवढाच माल उरला की ऑर्डर द्यायची. आठवड्याला १२ संच जात असतील तर ६० उरल्यावर. माल संपून लिस्टिंग रिकामी राहिली की शोधातली जागा घसरते आणि ती परत मिळवायला जाहिरात लागते.

सण बघून मागेपुढे करा. श्रावणात मटणाच्या मसाल्याला मागणी उतरते, आणि उत्तरेकडचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे तिकडच्या ऑर्डरी आधी मंदावतात. मग पोळा येतो, दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे सणानंतरचा सामिष जेवणाचा दिवस. पुण्या-मुंबईतल्या विदर्भातल्या घरांत तेव्हा सावजी शिजतं. त्यासाठीची बॅच श्रावण सुरू होण्याआधी दळायला टाकायची आणि पोळ्याच्या दहा दिवस आधी पॅक होऊन घरी आलेली असावी. होळीच्या करीसाठीही असाच मागे मोजून दिवस धरावा, फक्त तेव्हा मिरची नवी घ्यायची की मागच्या वर्षीची, हे डिसेंबरातच कारखान्याशी ठरवून ठेवावं लागतं. नव्या मिरचीचा रंग आणि तिखटपणा वेगळा येतो. प्रमाण तेच ठेवलं तर जुना ग्राहक चव बदलली म्हणतो, म्हणून एक किलोची चाचणी दळून, दोन्ही रस्से शेजारी ठेवून चाखल्याशिवाय मोठा लॉट टाकू नये.